शिदोरी संपेपर्यंत

हायड्रोपोनिक्सचे, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर केलेल्या शेतीचे, फोटो पाहिलेत तर त्यांतली सगळी रोपं एकाच वयाची असतात. पांढऱ्याशुभ्र नळ्या, त्यांच्या भोकांतून वर आलेले लेट्यूसचे भरगच्च गड्डे, आणि मागे हसऱ्या चेहऱ्याचं एक कुटुंब. त्या गड्ड्यांचं बाळपण कुणी दाखवत नाही. किट विकणारे पंप देतात, नळ्या देतात, जाळीचे कप देतात, ए आणि बी अशा खताच्या दोन बाटल्या देतात, आणि वरकड म्हणून बियांची दोन-चार पाकिटं खोक्यात टाकतात. माहितीपत्रकात रोपांबद्दल एकच ओळ असते: 'बी पेरा, रोप तयार झालं की नळीत ठेवा.' सगळी मजा आणि सगळा घोळ त्या ओळीतल्या स्वल्पविरामात आहे.

डोंबिवलीतल्या आमच्या फ्लॅटला पश्चिमेकडे तोंड करून एक गॅलरी आहे. दुपारनंतर तिथे ऊन येतं ते थेट मावळेपर्यंत. या गॅलरीत मी काही वर्षं पालेभाज्या, लेट्यूस, टोमॅटो असं काय काय पाण्यावर वाढवते आहे, आणि आता माझं मत पक्कं झालंय की पीक ठरतं ते रोपं तयार करायच्या ट्रेमध्येच. नळीत गेलेलं चांगलं रोप आपलं आपण वाढतं. तुम्ही चार दिवस बाहेरगावी गेलात तरी त्याचं काही अडत नाही. रोगट किंवा लांबुडकं रोप मात्र कितीही महागड्या खतावर ठेवा, त्याचा रडका सूर शेवटपर्यंत जात नाही. तरी सगळ्या गप्पा पंपाच्या आणि पीएचच्या होतात. रोपांच्या ट्रेविषयी बोलायला फार जण उत्सुक नसतात, कारण त्यात विकण्यासारखं फारसं काही नाही.

सुरुवातीचं काम तर आपल्या स्वयंपाकघरांना कुणी शिकवावं लागत नाही. मटकी रात्रभर भिजत घालायची, सकाळी उपसायची, ओल्या पंचात बांधून उबेला ठेवायची. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत, थंडीत दुसऱ्या दिवशी मोड. भिजवायचं, पण बुडवून ठेवायचं नाही, हे यातलं मुख्य. पाणी आत शिरलं की बी जागं होतं, त्याचा श्वास वाढतो, आणि मग त्याला पाण्याइतकीच हवा लागते. पातेल्यातच विसरलेल्या मटकीला दुसऱ्या दिवशी जो वास येतो तो या हवेच्या अभावाचा. पाण्यावरच्या शेतीची सुरुवात बियाला पाण्यात न ठेवण्यापासून होते याची मला अजूनही गंमत वाटते.

आपण उसळीत घालतो तो पांढरा मोड म्हणजे मूळ. कोंब त्याच्यामागून येतो. टोमॅटोचं असो, मिरचीचं असो, बी आधी खाली पाय रोवायची व्यवस्था करतं आणि मगच डोकं वर काढतं. ओल्या टिशूत मोड आणून ते बी स्पंजात ठेवायचं असेल तर मूळ जेमतेम बाहेर आलेलं असतानाच चिमट्याने अलगद उचलावं. लांब होण्याची वाट पाहिली तर ते टिशूत घुसतं आणि काढताना तुटतं.

या दिवसांत बियाला खत लागत नाही. अजिबातच नाही. आईने बांधून दिलेली शिदोरी त्याच्यापाशी असते. टोमॅटो-मिरचीच्या बीमध्ये ती कोंबाच्या भोवती असते, मटकी-वालात ती त्या दोन जाड डाळिंब्यांत असते. या शिदोरीवर बी मूळ सोडतं, मान उंचावतं, बीजदलं, म्हणजे बीतलीच पहिली दोन पानं, उघडतं. लेट्यूसला हे सगळं करायला दोन-तीन दिवस लागतात, टोमॅटोला पाच ते सात, ढोबळी मिरचीला आठ ते बारा, आणि थंडीत त्याहून जास्त. त्या काळात आपण फक्त ओल, ऊब आणि हवा सांभाळायची. काहीतरी द्यावंसं वाटणारा हात आवरणं हे पहिल्या आठवड्यातलं सर्वांत अवघड काम.

लेट्यूस या बाबतीत सगळ्यांत नाजूक आणि सगळ्यांत मजेदार. त्याचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये आठशे-हजार मावतात. एवढ्याशा बीमध्ये शिदोरी ती किती असणार! म्हणून ते जपून वागतं. मातीत खोल गाडलं गेलं तर वर येईपर्यंत सगळं संपेल, तेव्हा उजेड दिसल्याशिवाय त्याच्या बऱ्याच जाती उगवायचंच नाव घेत नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्रात हॅरी बोर्थविक आणि स्टर्लिंग हेन्ड्रिक्स यांच्या गटाने १९५२ साली 'ग्रँड रॅपिड्स' नावाच्या लेट्यूसवर जे प्रयोग केले ते वाचून मी चाट पडले होते. भिजलेल्या बियांवर तांबडा उजेड पाडला की त्या उगवत. त्यानंतर दूर-तांबडा, म्हणजे आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा, उजेड पाडला की बेत रद्द. पुन्हा तांबडा पाडला की पुन्हा तयार. कितीही वेळा आलटून पालटून पाडा, शेवटचा उजेड कोणता होता त्यावर बी निर्णय घेई. हिरव्या पानांतून गाळून खाली येणाऱ्या उन्हात तांबडा भाग पानांनी खाऊन टाकलेला असतो आणि दूर-तांबडाच जास्त उरतो. म्हणजे आपल्या डोक्यावर आधीच कुणाचं तरी छप्पर आहे की मोकळं आभाळ, हे त्या कणाएवढ्या बीला कळतं. छप्पर असेल तर ते थांबून राहतं. या एका गोष्टीसाठी मी लेट्यूसचं बी कधीच झाकत नाही. ओल्या स्पंजाच्या चिरेत वरच्यावर ठेवते आणि उजेडात ठेवते.

त्याचा दुसरा नखरा उन्हाचा. तापमान अठ्ठावीस-तीसच्या वर गेलं की लेट्यूसच्या बऱ्याच जाती भिजूनही झोपून राहतात. मूळच्या थंड हिवाळ्यात वाढणाऱ्या झाडाचं हे शहाणपण आहे, पण डोंबिवलीच्या मे महिन्यात त्याला कोण विचारतो? तेव्हा माझ्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी ओल्या टिशूत गुंडाळलेलं लेट्यूसचं बी डबीत घालून ठेवलेलं असतं. एक-दोन दिवस तिथे गारव्यात भिजलं की बाहेर काढून घरातल्या थंड कोपऱ्यात उजेडाला ठेवायचं. पाहुणे आले की त्या डबीबद्दल हमखास विचारतात आणि उत्तर ऐकून माझ्याकडे जरा जपून बघतात.

बी कशात पेरायचं हा पुढचा प्रश्न, आणि यावर लोक तावातावाने भांडतात. माझ्या घरी कोकोपीट आणि स्पंज दोन्ही आहेत. कोकोपीटची वीट पाण्यात टाकली की बघता बघता फुगून बादली भरते. मुलं हे दृश्य पाहायला धावत येतात. माझ्या सासूबाई मूळच्या राजापूर तालुक्यातल्या. त्यांनी ती वीट पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं होतं, "सोडणांचा भुसा? विकत?" त्यांच्या घरी नारळाची सोडणं बंबात जळायची, आणि राहिलेला भुसा आगरात माडांच्या आळ्यात जायचा. पैसे देऊन आणायची ती वस्तू नव्हेच. त्यातून हा भुसा वापरायच्या आधी धुवावा लागतो म्हटल्यावर त्या हसल्याच. पण धुवावा लागतो खरा. नारळाच्या काथ्यात मीठ असतं, आणि त्याचा स्वभाव असा की सोडियम-पोटॅशियम धरून बसायचं आणि कॅल्शियम दिसलं की ते ओढून घेऊन त्यांना सोडून द्यायचं. न धुतलेल्या कोकोपीटात रोपाला दिलेलं कॅल्शियम भुसाच गट्ट करतो. म्हणून तांबडं पाणी निघेनासं होईपर्यंत धुवायचं, टीडीएस मीटर घालून बघायचं, आणि शक्य असेल तर रात्रभर थोडं कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात भिजवून पुन्हा निथळायचं.

तिसरा पर्याय रॉकवूलचा. ते आमच्याकडे नाही, पण त्याची जन्मकथा मला आवडते. बेसॉल्टसारखा दगड दीड हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापवून वितळवतात आणि वेगाने फिरवून त्याचे तंतू काढतात. बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पत्थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन जो सह्याद्री झाला तो या दगडाचा. 'बिनमातीची शेती' म्हणून जी मिरवली जाते तिच्यात रोपं काही वेळा अशी वितळवलेल्या डोंगरात वाढत असतात. मात्र रॉकवूल अल्कधर्मी असतं, साडेपाच पीएचच्या पाण्यात आधी मुरवावं लागतं, हाताला खाजतं, आणि वापरून झाल्यावर कुजत नाही. स्पंजही कुजत नाही, हेही सांगायला हवं. पर्यावरणाच्या नावाने हायड्रोपोनिक्स विकणारी मंडळी त्या स्पंजाच्या चौकोनी तुकड्यांबद्दल मौन पाळतात. मी पालेभाज्यांना स्पंज वापरते, कारण कोकोपीटचे कण सुटून पंपात जातात आणि पंप कुरकुरतो. टोमॅटो-मिरचीला कोकोपीट, कारण त्यांना ट्रेमध्ये जास्त दिवस काढायचे असतात. स्पंज पाण्यात दाबून त्यातली हवा आधी काढायची आणि नंतर थोडा पिळून घ्यायचा. ठिबकता स्पंज बियाला नको.

आता उजेड. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

नवरात्रात घट बसतो तेव्हा पत्रावळीवर शेतातली काळी माती पसरून तिच्यात धान्य पेरतात. कुठे पाच, कुठे सात, कुठे नऊ प्रकारचं. मध्ये मातीचा घट. त्यातून झिरपणारं पाणी भोवतीच्या मातीला पुरतं. देवघराचा कोपरा अंधारा असतो, आणि दसऱ्यापर्यंत तिथे गहू-ज्वारीचं पिवळंधमक धन वीतभर वर येतं. जितकं उंच आणि जितकं पिवळं तितका आनंद. ते उपटून देवाला वाहतात, टोपीत खोवतात, केसांत माळतात. कोणतं धान्य किती उगवलं ते पाहून घरातली जुनी माणसं बियाण्याचा अंदाज बांधायची. घट ही घरोघरची उगवण चाचणी होती असं म्हणतात, आणि मला ते पटतं.

ट्रेमध्ये मात्र मला त्या पिवळ्या उंचीचीच धास्ती असते. रोप अंधारात उंच का होतं? ते उजेड शोधत असतं. वर कुठेतरी ऊन असणारच या हिशोबाने ते हरितद्रव्य करत नाही, खोड जाड करत नाही, पानं पसरत नाही. सगळी शिदोरी लांबीवर उधळतं. उजेड भेटला तर फिटंफाट, न भेटला तर शिदोरी संपते आणि रोप आडवं होतं. घटातलं धन दसऱ्याला काढतात तेव्हा ते या शेवटच्या टप्प्याच्या अगदी जवळ आलेलं असतं. ट्रेमधल्या लेट्यूसवर हीच पाळी आली तर त्याला पुढे दोन महिने पानं धरायची असतात, आणि मान तर पहिल्याच आठवड्यात मोडलेली.

फ्लॅटमध्ये हे इतकं सहज होतं कारण आपले डोळे आपल्याला फसवतात. खिडकीपासून दोन हात आत पुस्तक वाचता येतं, सुईत दोरा ओवता येतो, म्हणून आपण समजतो उजेड भरपूर आहे. बाहेरच्या उन्हाच्या मानाने तिथे उजेडाचा एक लहानसा अंश पोचलेला असतो. आपली बाहुली मोठी होऊन तो फरक झाकते, रोपाला बाहुली नाही. आमच्या गॅलरीत तर दुपारपर्यंत सावली आणि नंतर एकदम भाजणारं ऊन, म्हणजे अंकुराला दोन्ही जाच. म्हणून ट्रे मी घरातच मांडणीवर ठेवते आणि वर वीतभर अंतरावर पांढऱ्या उजेडाची वीस वॉटची एलईडी पट्टी लावते. दिवसाचे चौदा ते सोळा तास. विजेचा हिशोब करायचा तर महिन्याला नऊ-दहा युनिट. जांभळे दिवे विकत घेण्याची मला कधी गरज वाटली नाही. बैठकीच्या खोलीत जांभळा उजेड पडला की घराचं लॉज होतं.

पट्टी लावायची ती मोड दिसल्याबरोबर. उद्या लावू म्हणायला इथे जागा नाही. टोमॅटोचं रोप एका रात्रीत बोटभर वाढतं, आणि वाढलेली लांबी परत आत जात नाही. याशिवाय दिवसातून दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून हाताचा तळवा हलकेच फिरवायचा, किंवा छोटा पंखा सोडायचा. हलवलेलं, स्पर्श झालेलं झाड बुटकं आणि दणकट होतं, हे मार्क जाफ यांनी १९७३ साली नीट मोजून मांडलं. घरात वारा नाही, तर हात फिरवायचा. लेकीला हे काम फार आवडतं. टोमॅटोच्या रोपांचा हिरवट वास नंतर बराच वेळ बोटांना राहतो.

बीजदलांच्या मधून पहिलं खरं पान निघतं तेव्हा शिदोरी सरत आलेली असते. खरं पान ओळखायला सोपं असतं. टोमॅटोची बीजदलं साधी, लांबट. खऱ्या पानाला मात्र लगेच कंगोरे. हे पान दिसलं की खताची वेळ झाली, पण पूर्ण मात्रेची नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठात डेनिस होगलँड आणि डॅनियल अरनॉन यांनी १९३८ साली पाण्यातल्या पिकासाठी क्षारांची जी पाककृती छापली ती जगभर इतकी रुळली की प्रयोगशाळांतून आजही 'निम्मं होगलँड', 'पाव होगलँड' असं म्हणतात. त्याच विद्यापीठातल्या विल्यम गेरिकी यांनी त्याआधी पाण्यावर पंचवीस फूट उंच टोमॅटोचे वेल चढवून दाखवले होते आणि वर्तमानपत्रांत धमाल उडाली होती. होगलँड-अरनॉन यांची पुस्तिका त्या गाजावाजाला वेसण घालण्यासाठीही होती. पाण्यात चांगलं पीक येतं, चांगल्या मातीतही तितकंच चांगलं येतं, चमत्कार वगैरे काही नाही, असा तिचा सूर. आज ती पुस्तिका प्रत्येक किटच्या खोक्यात टाकायला हवी.

मी अंकुरांना निम्म्याहून कमी मात्रा देते. पाण्यातले क्षार मोजणाऱ्या ईसी मीटरवर ०.६ ते ०.८ च्या आसपास, पीएच ५.५ ते ६.५ मध्ये. नळीत गेल्यावर लेट्यूसला १.२ पासून १.८ पर्यंत चढवायचं. टोमॅटो मोठा झाला की दोनच्या पुढे मागतो. कोवळ्या मुळाला जास्त क्षार दिले तर पाणी आत यायच्या ऐवजी बाहेर ओढलं जातं आणि पानांच्या कडा करपतात. आमच्या नळाला उल्हास नदीचं पाणी येतं, ते तसं मऊ आहे. टँकर आला की मीटरचा आकडा उडी मारतो, त्या दिवशी ट्रेला मी पिण्याचं गाळलेलं पाणी देते. ए आणि बी बाटल्यांचं खत मात्र पाण्यातच एकत्र करायचं, आधी नाही. एकात कॅल्शियम आणि दुसऱ्यात सल्फेट-फॉस्फेट असतात. दाट द्रावणं एकमेकांत ओतली की पांढरा गाळ बसतो आणि तो गाळ म्हणजे तुमचे पैसे.

पावसाळ्यातल्या रोपांचं दुखणं एका परिच्छेदात संपवते, कारण त्याला उपाय फार थोडे. संध्याकाळी टवटवीत असलेलं रोप सकाळी बुंध्याशी दोऱ्यासारखं बारीक होऊन आडवं पडलेलं दिसतं. शेतकरी याला रोपं कोलमडणं म्हणतात. पिथियमसारख्या बुरश्यांचं हे काम. जुलैत आमच्या हवेत इतकी ओल असते की बुरशीला आमंत्रणाची वाट पाहावी लागत नाही. पडलेलं रोप उठत नाही, ते शेजाऱ्यांसकट उचलून टाकायचं. ट्रे आधी घासून धुवायचा, अंकुर दिसताच वरचं झाकण काढायचं, पाणी खालच्या ताटलीतून द्यायचं आणि उरलेलं ओतून टाकायचं, पंखा चालू ठेवायचा. दालचिनीची पूड भुरभुरवा असं बरेच जण सांगतात. मला तिने घराला छान वास आला, एवढाच फरक जाणवला.

आणि मग विरळणी.

बी सगळंच उगवत नाही म्हणून एका भोकात दोन-तीन टाकायच्या, आणि सगळ्या उगवल्या तर एक ठेवून बाकीच्या काढायच्या, असं सगळीकडे सांगतात. काढायच्या म्हणजे उपटायच्या नाहीत, कारण मुळं एकमेकांत अडकलेली असतात. नखं कापायच्या कात्रीने बुंध्याशी कापायच्या. पालकाच्या बाबतीत तर एक टाकूनही सुटका नाही. आपला देशी पालक हा बिटाच्याच जातीचा, इंग्रजी कार्टूनमधला पॉपाय नावाचा नाविक खातो तो नव्हे. त्याचं खडबडीत बी खरं तर फळांचा झुबका असतो, आणि एका 'बी'तून दोन-तीन कोंब फुटतात. धण्याचंही तसंच, एका धण्यात दोन बिया. म्हणून गावाकडे पेरायच्या आधी धणे वहाणेखाली रगडतात. मी लाटणं फिरवते.

तर पालकाचे असे झुबके उगवले होते आणि मी कात्री घेऊन बसले होते. सासूबाई शेजारी शेंगा निवडत होत्या. थोडा वेळ त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हे काय, जित्या रोपाला कात्री?"

"आई, एकालाच जागा पुरते. बाकीची त्याचं खातात."

"आमच्या तरव्याला कुणी कात्री लावली असती तर हाकलून दिलं असतं."

तरवा म्हणजे भाताची रोपं. कोकणात लावणीच्या आधी दाढीत, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, ती गच्च वाढवतात. त्याआधी उन्हाळ्यात त्या जागेवर शेण, पालापाचोळा, कवळं पसरून राब भाजायचा, म्हणजे तणाचं बी जळून जातं. पाऊस लागला की पेरायचं. तीनेक आठवड्यांत तरवा काढायचा, मुळांची माती पाण्यात खळबळून धुवायची, मुठी बांधायच्या, आणि चिखलात दोन-तीन रोपांचा एकेक चूड लावत मागे सरकायचं. सासूबाईंनी हे लहानपणापासून केलंय. पाठ वाकवून दिवसभर. त्यांना आठवणींत रमायची सवय नाही, लावणी म्हटलं की त्यांना आधी कंबर आठवते. पण त्या सांगत होत्या आणि मी ऐकत होते तेव्हा लक्षात आलं की रोप एका जागी दाट वाढवायचं, मुळं धुवायची आणि पाण्यात उभं करायचं, हे सगळं मी मांडणीवर करते ते त्यांच्याकडे शेकडो वर्षं चालू आहे. फक्त त्यांना पीएच मीटर कुणी विकलेला नव्हता.

"एकटं रोप कशाला लावायचं?" त्या म्हणाल्या. "चूडच लाव की. पालकाला काय गड्डा धरायचाय?"

पालकाला गड्डा धरायचा नसतो हे खरंच आहे. लेट्यूसला धरायचा असतो. टोमॅटोला फांद्या, फुलं, फळं असा मोठा संसार करायचा असतो, तिथे दोघांची भांडणं होतात. पण पालक, कोथिंबीर, राजगिरा, माठ यांची आपण कोवळी पानं कापून खातो. ती झुबक्यानेच लावली तर एका कपात जास्त पानं मिळतात आणि रोपं एकमेकांच्या आधाराने उभी राहतात. पाण्यावर कोथिंबीर विकण्यासाठी वाढवणारेही एका कपात अनेक रोपं ठेवतात. त्या दिवसापासून आमच्या घरी पालक चुडानेच लागतो. कात्री टोमॅटो आणि लेट्यूसपुरती उरली.

तीही मला पूर्ण आवडते असं नाही. दोन रोपं सारखीच तेजदार असतात तेव्हा कुठलं ठेवायचं? थोरलं ठेवावं असं पुस्तक सांगतं. पण थोरलं बऱ्याचदा नुसतंच लांब असतं, आणि धाकटं बुटकं, गडद, जाड बुंध्याचं. मी धाकट्याला कौल देते. लेट्यूसची कापलेली रोपं कोशिंबिरीवर जातात. टोमॅटोची तशी खाता येत नाहीत, ती टाकावी लागतात, आणि टाकताना मी लेकीला सहसा दुसऱ्या खोलीत काहीतरी आणायला पाठवते.

'मातीशिवाय भाजी? त्यात कस तो काय असणार!' हे वाक्य मला प्रत्येक समारंभात ऐकावं लागतं. सांगणारे बहुधा तोंडात टोमॅटोची फोड धरून सांगत असतात. त्यांना नारायणगावच्या एखाद्या रोपवाटिकेत नेऊन आणावंसं वाटतं. जुन्नर तालुक्यात काय किंवा नाशिककडे पिंपळगावला काय, टोमॅटो, ढोबळी मिरची, फ्लॉवर यांची रोपं आता गादीवाफ्यावर क्वचितच करतात. हिरव्या जाळीखाली प्रो-ट्रे मांडलेले असतात, एकेका ट्रेला अठ्ठ्याण्णव किंवा एकशे चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात कोकोपीट आणि एकच संकरित बी. त्या बीची किंमत अशी की दोन टाकून एक कापण्याची चैन परवडत नाही. पाण्यातून खत. तीन-साडेतीन आठवड्यांत रोप काढलं की मुळांनी कोकोपीट घट्ट धरलेलं निघतं. शेतकरी ही रोपं शेकड्याने, हजाराने विकत नेतो. म्हणजे बाजारात मातीत पिकलेला म्हणून जो टोमॅटो आपण विश्वासाने घेतो, त्याचंही बाळपण मातीविना गेलेलं असतं. माती त्याला कळत्या वयात भेटते. माझ्या टोमॅटोला ती भेटत नाही, एवढाच फरक, आणि चवीचं म्हणाल तर ती जात, ऊन आणि कधी तोडला यावर जास्त ठरते. बाजारातला टोमॅटो प्रवास झेपावा म्हणून कच्चा तोडतात. माझा गॅलरीतून स्वयंपाकघरात येतो.

ट्रेमधून नळीत कधी न्यायचं? लोक दिवस विचारतात. मी स्पंज उलटा करून बघते. खालून पांढरी मुळं दोन-तीन सेंटिमीटर लोंबत असतील आणि खरी पानं तीन-चार झाली असतील तर रोप तयार. मुळं तपकिरी, बुळबुळीत असतील तर तो स्पंज नळीत जात नाही, कारण तिथे सगळ्यांचं पाणी एकच. हलवताना संध्याकाळची वेळ धरायची, आणि घरातल्या दिव्याखाली वाढलेल्या रोपाला गॅलरीच्या उन्हाची सवय करायची ती तास-दोन तासांपासून, वाढवत वाढवत. टबात लावणार असाल तर पहिल्या दिवसांत पाणी कपाच्या बुडाला टेकलेलं ठेवायचं. पुढे ते आपोआप उतरतं आणि मधल्या मोकळ्या जागेत मुळांना हवा मिळते. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी याच उतरत्या पाण्यावर बिनपंपाची पद्धत बसवली. वीज गेली तरी काही बिघडत नाही, म्हणून उन्हाळ्यात मला तीच बरी वाटते.

टोमॅटोचं बी आणून ठेवलंय. ऑक्टोबरचा ताव ओसरता ओसरता रोपं बाहेर न्यायची तर पेरणी सप्टेंबरात व्हायला हवी, आणि नेमके तेव्हा गौरी-गणपतीला सगळे राजापूरला जाणार. नळीतल्या पालकाला कुणाची गरज नाही. ट्रेला मात्र रोज दोनदा बघणारं कुणीतरी लागतं, पट्टी लावणारं, ताटलीतलं पाणी ओतून टाकणारं. शेजारच्या काकूंनी किल्ली घ्यायची तयारी दाखवली आहे, पण त्या प्रेमाने फार पाणी घालतात. सासूबाई म्हणतात ट्रे मांडीवर घेऊन गाडीतून नेऊ, तरवा नाही का डोक्यावरून नेत. नवरा म्हणतो, गाडीत आधीच सहा माणसं आहेत.

चर्चा चालू आहे.